सव्वीस वर्षांत एकदाही आजारी नाही

तुमच्यापैकी कोणी फौजेतून घरी आलेला असेल आणि जिना चढताना मधेच थांबून 'जरा चपलेचा पट्टा बघतो' म्हणत असेल, तर हे त्याच्यासाठी लिहितोय. पट्ट्याला काही झालेलं नसतं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी वर्षभर तोच पट्टा बघत होतो.

मी निवृत्त सुभेदार. गाव आजऱ्याकडचं. बायको शैला सरकारी बँकेत अधिकारी आहे. मी निवृत्त झालो त्याच सुमारास तिची बदली कोलकात्याला झाली. सगळी नोकरी तिनं माझ्या पोस्टिंगांच्या मागे फरफटत केली होती, म्हटलं आता आपण तिच्या मागे जाऊ. डमडमला तळमजल्यावर भाड्यानं घर घेतलं. मेट्रो पाच मिनिटांवर, तिला एस्प्लनेडच्या ऑफिसला जायला सोपं. मागच्या बाजूला एक तळं आहे, इथे त्याला पुकुर म्हणतात. पुकुराच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत ओली असते. घर शैलानं पसंत केलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निदानाचा दिवस

चार वर्षांपूर्वी, देवीच्या मंडपांचे बांबू रस्त्यात पडायला लागले होते तेव्हाची गोष्ट. डमडम स्टेशनचा पूल चढताना माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. लोकांनी धरून बाकावर बसवलं. एका बाईंनी डोक्यावर पाणी थोपटलं आणि बंगालीत मला यथेच्छ झापलं. दुसऱ्या दिवशी शैलानं रजा टाकली आणि मला लष्करी इस्पितळात नेऊन उभं केलं.

चार दिवस तपासण्या. मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण मेजर होते. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. घरी ऑक्सिजनचं मशिन ठेवावं लागेल.

"सिगरेट कितनी पीते थे?"

"एक भी नहीं, साहब."

"कभी बंद जगह में, धुएँ में रहे हैं? चूल्हा, स्टोव?"

"नहीं, साहब."

बघा, इथेच पहिली माती खाल्ली. पण फौजेत अधिकाऱ्यानं 'काही त्रास?' विचारलं की जीभ आपोआप 'नाही साहेब' म्हणते. सव्वीस वर्षं तेच वळण लागलेलं असतं.

मग शैलानं विचारलं. एरवी बँकेत मोठमोठ्या थकबाकीदारांना घाम फोडणारी बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता. "आमचं घर ओलसर आहे. त्यानं झालं असेल का?"

डॉक्टर म्हणाले, ओल अशा फुप्फुसांना वाईटच, त्रास वाढतो.

बस्स. तिनं तेवढंच ऐकलं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की घराचा काही दोष नाही. मला कारण माहीत होतं. ते दोन प्रश्न विचारले तेव्हाच आठवलं होतं. पण मी गप्प बसलो.

वॉर्डातले दिवस

एकवीस दिवस ॲडमिट होतो. लष्करी वॉर्डाची एक गंमत असते. नाकात नळी आहे, धाप लागलीय, तरी सकाळी सहाला प्रत्येक जण आपापली चादर ताणून कोपरे काटकोनात दुमडत असतो. माझ्या शेजारी एक म्हातारे कॅप्टनसाहेब होते, शिपायापासून चढत गेलेले. चादर दुमडता दुमडता ते दोनदा खाली बसले, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सिस्टरनं कपाळाला हात लावला.

भीती वाटायची का? वाटायची. खोटं कशाला सांगू. आपण पडल्या पडल्या बुडतोय असं वाटायचं, आणि आजूबाजूला पाणी तर कुठेच नाही. तेव्हा ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा बघत बसायचं. नव्वदच्या वर गेला की जीव भांड्यात पडायचा.

शैला रोज संध्याकाळी एस्प्लनेडहून बस बदलून यायची. डब्यात मऊ भात, वर मेतकूट. ते मेतकूट तिच्या आईनं पार्सलनं पाठवलेलं. मी घास घ्यायचो आणि ती माझ्या बोटाकडे बघत राहायची, चिमटा नसला तरी.

घरी आलो तर घर ओळखू येईना. पुकुराकडची खिडकी बंद. भिंत खरवडून रंगवलेली. आणि प्रत्येक कोपऱ्यात एकेक वाटी, खड्याच्या मिठानं भरलेली.

"हे काय गं? नजर काढतेस की काय माझी?"

"मीठ ओल ओढून घेतं," ती म्हणाली. हसली नाही.

वाट्या सात होत्या. दर रविवारी ती पाझरलेलं मीठ टाकून नवं भरायची. आणि रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी साडी खोचून, ब्रश घेऊन भिंतीवरची बुरशी घासायची. खर्र खर्र आवाज यायचा. मी नाकात नळी घालून पलंगावर पडून ऐकायचो. तीन वर्षं ऐकलं.

वर जे झालं होतं

आता सांगतो. सतरा वर्षांपूर्वी मी हवालदार होतो आणि ग्लेशियरवरच्या एका चौकीवर नव्वद दिवस होतो. आम्ही नऊ जण एका फायबरच्या झोपडीत. थंडी एवढी की रॉकेलचा स्टोव्ह दिवसरात्र पेटता ठेवावा लागायचा, पाणी त्यावर, अन्न त्यावर, मोजे त्यावर. दारं बंद. छताला काजळी, भांड्यांना काजळी, थुंकलं तर काळं. आम्ही एकमेकांच्या काळ्या नाकांवरून चेष्टा करायचो.

बावन्नाव्या दिवशी माझ्या छातीत पाणी भरलं. श्वास घेतला की आत बुडबुड वाजायचं, तोंडाला फेस. आमच्याबरोबर मंडल नावाचा नर्सिंग असिस्टंट होता. बराकपूरचा, किरकोळ अंगाचा, नाकावर घसरणारा चष्मा. हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर येण्याची शक्यता नव्हती. तीन दिवस मंडलनं मला मांडीचा टेकू देऊन बसतं ठेवलं आणि ऑक्सिजन दिला. स्वतः झोपला नाही.

चौथ्या दिवशी मी बरा झालो. आकाशही मोकळं झालं. मंडल वही काढून लिहायला बसला, आणि मी त्याचा हात धरला.

मला नायब सुभेदारीची बढती तोंडावर होती. ही नोंद वर गेली असती तर मला खाली पाठवलं असतं, मेडिकल कॅटेगरी उतरली असती, बढती गेली असती. हे एक. आणि दुसरं, माझी आठ पोरं तिथे वर होती. त्यांना सोडून आजारी म्हणून खाली जायचं? लाज वाटली. मी मंडलच्या हातापाया पडलो.

त्यानं वहीत लिहिलं: सर्दी-खोकला, तीन दिवस हलकं काम.

त्या आठवड्यात घरी फोन करायची माझी पाळी चुकली. पुढच्या आठवड्यात शैलाला म्हणालो, "लाईन खराब होती. मी मजेत आहे."

एकदम फिट

फौजेतल्या नोकरीमुळे आजार जडला असेल तर त्याचं पेन्शन मिळतं, आजार नंतर उघडकीला आला तरी अर्ज करता येतो. शैलानं खटपट करून फॉर्म भरला. रकमेची तिला फिकीर नव्हती. मला तेव्हा कळलं नाही, पण तिला कुणीतरी शिक्का मारून हवं होतं की हा आजार कुठून आला.

मेडिकल बोर्डाची तारीख मिळाली. आता मी काय केलं ऐका, आणि तुम्ही ते करू नका. मी दाढी घोटून केली. बूट असे चमकवले की त्यांत बघून भांग पाडून घ्यावा. पलटणीचा ब्लेझर, टाय. बाहेर श्वासाच्या औषधाचा पंप दोनदा ओढला, साहेबांसमोर खोकला नको म्हणून. मग आत गेलो, टाच मारली, छाती काढली.

"कैसे हैं, सुभेदार साहब?"

"एकदम फिट, साहब!"

तीन डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. अपंगत्वाचं पेन्शन मागायला आलेला माणूस एकदम फिट!

"सर्विस में कभी साँस की तकलीफ? कभी बीमार पड़े?"

"कभी नहीं, साहब. छब्बीस साल में एक बार भी नहीं."

आणि हे म्हणताना, काय सांगू, मला अभिमान वाटत होता.

दोन महिन्यांनी पत्र आलं. आजार आहे, गंभीर आहे. परंतु सेवाकाळात कोणतीही नोंद नाही, अर्जदार स्वतःही तसंच सांगतो, सबब सेवेशी संबंध नाही.

शैलानं पत्र उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

"म्हणजे घरच," ती म्हणाली. "मेट्रो जवळ म्हणून मी हट्ट केला. तुम्ही म्हणत होतात वरच्या मजल्यावरचं बघू."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, बराच वेळ सुरू राहिला. नुसतं पाणी वाहत होतं, भांड्याचा आवाज नव्हता. बर्फातही कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची शरम मला त्या नळाच्या आवाजानं वाटली.

मंडलची अट

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी बराकपूरची लोकल पकडली. डमडमचा पूल पाच वेळा थांबून चढलो. पट्टा बघितला नाही, सरळ कठडा धरून उभा राहिलो.

मंडलचं आता औषधांचं दुकान आहे. टोटोवाल्यानं, म्हणजे इथल्या ई-रिक्षावाल्यानं, दारात सोडलं. चष्मा अजूनही घसरतो, त्याच्यावरून त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओठांकडे, मग नखांकडे. नमस्कार-चमत्कार काही नाही. काउंटरमागून स्टूल ओढून दिलं.

"बैठिए, उस्ताद. कब से?"

"तीन साल."

"और आज आ रहे हैं?" असा भडकला! गिऱ्हाईक बावचळून मागे सरकलं. दर नवीन वर्षाला शुभेच्छांचा मेसेज पाठवता, फुलांची चित्रं पाठवता, आणि हे सांगायला तोंड उचकटत नाही?

मी सगळं सांगितलं. पत्रही दाखवलं. म्हणालो, तू खरं काय ते लिहून दिलंस तर अपील करता येईल. पण त्यात तुझी चूकही लिहावी लागेल, खोटी नोंद केल्याची. तुला त्रास झाला तर? नाही म्हणालास तरी चालेल, मी चहा पिऊन जाईन.

मंडलनं चष्मा काढून पुसला. तो म्हणाला की दुकानात कुणी खोकला घेऊन आलं की त्याला ती ओळ आठवते. सोळा वर्षांत त्यानं कुणालाही नुसता 'सर्दी-खोकला' म्हणून औषध दिलेलं नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. धंदा बसतो त्यानं.

"मैं लिख दूँगा. जो होगा, देखा जाएगा. लेकिन भाभीजी को मालूम है?"

मी खाली बघितलं.

"तो पहले भाभीजी पढ़ेंगी. उनके सामने साइन करूँगा. नहीं तो नहीं."

"मंडल, वो मुझे घर से निकाल देगी."

"निकालेंगी तो यहाँ आ जाइए. दुकान में जगह है."

रविवार

शैलाला सांगितलं की एका जुन्या सोबत्याकडे जेवायला जायचंय. तेवढंही धड खरं सांगता आलं नाही मला. मंडलच्या बायकोनं लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि छोलार डाळ केली होती. जेवण झाल्यावर मंडलनं टाईप केलेली दोन पानं शैलापुढे ठेवली आणि हात जोडून उभा राहिला.

शैला कागद वाचते तेव्हा पेन हातात घेऊन वाचते, बँकेची सवय. पहिल्या पानावर पेन चालत होतं. दुसऱ्या पानावर थांबलं. 'तोंडातून फेस', 'शुद्ध नाही', 'वाचतील असं वाटत नव्हतं', हे सगळं त्या पानावर होतं. आणि शेवटी: त्यांच्या विनंतीवरून मी ही नोंद लपवली.

तिनं मंडलकडे बघितलं आणि मराठीतच म्हणाली, "तुम्ही वाचवलंत यांना." त्याला भाषा कळली नाही, पण त्यानं मान हलवली, तिच्याच पेनानं सही केली आणि आत निघून गेला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. टिटागढ गेलं, खडदह गेलं. मग बाहेर बघतच बोलली.

"त्या आठवड्यात तुमचा फोन आला नव्हता. मी पोरीला मांडीवर घेऊन फोनपाशी बसून होते. नंतर म्हणालात, लाईन खराब."

"हो."

"ते मी समजू शकते. काळजी नको म्हणून बोललात. पण ही तीन वर्षं? मी भिंती घासत होते. तुम्ही बघत होतात. मला वाटायचं माझ्या हातानं मारतेय मी तुम्हाला. आणि तुम्ही पडल्या पडल्या बघत होतात!"

समोरच्या बाकावरच्या शेंगदाणेवाल्यानं आमच्याकडे पाहून नजर वळवली.

"चुकलो," एवढंच शेवटी म्हणालो. डमडम आलं होतं.

चार दिवस अबोला. ताटं आदळत होती, पण पंप, गोळ्या, वाफारा सगळं वेळेवर. बंगळूरहून लेकीचा फोन आला तर तिलाच सांगून झालं, "तुझ्या बाबाला विचार, चहा हवाय का." मी पलंगावरून ओरडलो, "हवाय." लेक म्हणाली, "तुम्ही दोघं लहान आहात का?" पाचव्या दिवशी शैलानं माझ्या मांडीवर एक फाईल ठेवली. अपील, मंडलचा जबाब, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळ्याला क्रमांक, वर अनुक्रमणिका. रोज डबा खायच्या सुट्टीत बसून तिनं केली होती.

"यात एक शब्द खोटा नाही," ती म्हणाली. "आता तोंडानं बिघडवू नका."

खुर्ची

अपिलानंतर पुन्हा बोर्ड बसलं. या वेळी शैलानं ब्लेझर कपाटात ठेवून कुलूप घातलं. साधा शर्ट, चपला. पंपाला हात लावू दिला नाही, लागेल तेव्हाच, म्हणाली. कॉरिडॉरमध्ये मी तीन वेळा थांबलो आणि ती प्रत्येक वेळी माझ्या शेजारी थांबली.

या वेळी अध्यक्ष एक कर्नल बाई होत्या. सगळे कागद त्यांच्यापुढे होते. तरी त्यांनी विचारलंच.

"सर्विस में कभी बीमार पड़े थे, सुभेदार साहब?"

विश्वास ठेवा, जीभ तीच ओळ म्हणायला निघाली होती. 'क' उच्चारलाही होता. मग मला तो नळ आठवला, भांड्याशिवाय वाहणारा.

"हाँ जी," मी म्हणालो. "एक बार. मरते मरते बचा. और मैंने छुपाया."

एवढं बोलेपर्यंत दम संपला. डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही. सावधानमध्ये उभा होतो आणि गाल ओले होते, पुसायला हात उचलावा की नाही तेही सुचेना. कर्नल मॅडम उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली.

"बैठ के बताइए. हमें जल्दी नहीं है."

सव्वीस वर्षांत मी साहेबांसमोर खुर्चीत कधी बसलो नव्हतो. बसलो. आणि सगळं सांगितलं, स्टोव्हपासून. मधे मधे थांबत, दम खात. कुणीही घड्याळ बघितलं नाही.

शनिवारी आलेलं पत्र

पत्र यायला पाच महिने लागले. मंडलला एकदा बोलावून चौकशी झाली, पुढे काही झालं नाही. तो मात्र त्या दिवशी मला फोन करून म्हणाला की बऱ्याच वर्षांनी दुपारी झोप लागली.

शनिवार होता, शैला घरी होती. लिफाफा तिनंच फोडला. पेन हातात. तिसऱ्या परिच्छेदाशी पेन थांबलं. मला तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं: सदर आजार सेवाकाळातील परिस्थितीमुळे उद्भवला आहे.

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

तिनं पुन्हा वाचलं. मग पत्र फाईलला लावलं, क्रमांक घातला आणि उठली. एकेका कोपऱ्यात वाकून तिनं सातही वाट्या गोळा केल्या. मीठ मोरीत ओतलं, वाट्या घासल्या आणि ओट्यावर पालथ्या घातल्या. नंतर पुकुराकडची खिडकी उघडली. जवळजवळ चार वर्षांनी ती उघडायला तिला दोन्ही हात लावावे लागले. बाहेर कुणीतरी गळ टाकून बसलं होतं. भिंत होती तशीच ओली होती.

आजार जाणार नाही. पेन्शनमधला वाढीव भाग मशिनच्या विजेत जातो. तुम्ही अर्ज कराल तर कागद सांभाळा, तुमचा मंडल शोधा, ब्लेझर घरी ठेवा. पण त्याच्याही आधी घरातल्या माणसाला खरं सांगा. मला त्याला सोळा वर्षं लागली.

हात पुसत ती माझ्या पलंगाशी आली. रोज बोटाला चिमटा लावता लावता विचारते तसंच विचारलं, "कसं वाटतंय आज?"

"बरं नाही वाटत गं," मी म्हणालो. "सकाळपासून छाती जड आहे. भीतीही वाटतेय."

ती सरकून शेजारी बसली, माझं बोट हातात घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चिमटा लावला नाही.